फुटाण्याची पुडी आणि गळ्यातली शिट्टी

धारूरच्या घाटाखाली आमचं गाव. शाळेच्या फाटकापासून साठ पावलांवर माझं किराणा दुकान, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. दुकानाच्या दारात तंबाखू-सुपारीच्या पुड्यांच्या माळा लोंबायच्या, आणि आतल्या खोलीत आमच्या मंडळींचं दप्तर, त्या गावच्या आशा सेविका. त्यात तंबाखूविरोधी पत्रकांचा गठ्ठा. रोग ओट्यावर आणि औषध माजघरात. गाव यावर हसायचं, आम्हीही हसायचो.

मग एक दिवस बारावीतलं एक पोरगं ओट्यावर बसून म्हणालं, "आप्पा, जरा तिखट खाल्लं की तोंड पेटतंय." मंडळी आतून आल्या, म्हणाल्या, तोंड उघड आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी आत घाल. निरोगी तोंडात ती साधारण जातात. त्याची दोनच गेली. सतत सुपारी चघळून गालाच्या आतलं कातडं कडक होत जातं, तोंड उघडायचं कमी होतं, आणि पुढं त्यातूनच कॅन्सरही होऊ शकतो. ह्या पोरानं पाचवीपासून गोड सुपारी माझ्याकडूनच नेलेली. मला हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता, उधारीच्या वहीत त्याच्या बापाच्या नावावर लिहिलेलं होतं.

तिथून पुढं चार वर्षं गावातल्या पोरापोरींच्या तब्येतीसाठी आम्ही जे केलं, ते लिहितोय. बरंच फसलं, तेही सांगतो, म्हणजे तुमचे महिने वाचतील.

पहिलं फसलेलं आधी. आम्ही एक मोठा कार्यक्रम घेतला. बॅनर, माईक, तालुक्याहून वक्ते, सत्कार, नारळ. चाळीस-पन्नास पोरं बसली, 'व्यसनमुक्त गाव' अशी शपथ झाली, भजी खाल्ली, फोटो निघाले. संध्याकाळी शपथ घेतलेली दोन पोरं माझ्याकडं पुडी मागायला आली. मी दिली, ते आणखी वाईट. सांगायचं एवढंच, की भाषणावर पैसा घालवू नका. पोरांना सगळं माहीत असतं. त्यांच्याकडं नसतं ते दुसरं काहीतरी करायला ठरलेली वेळ, जागा आणि सोबत.

आधी पंधरा दिवस नुसतं बघा

एक शंभर पानी वही घ्या. गावातलं कुठलं पोरगं किती वाजता कुठं बसतं, काय खातं, काय विकत घेतं, ते लिहा. नावं लिहू नका, फक्त वय आणि वेळ. दुकानदाराला बरोबर घेतलं तर हे काम एका आठवड्यात होतं, कारण त्याच्याइतकी गावाच्या पोटाची माहिती कुणालाच नसते. आमच्या वहीतून तीन गोष्टी निघाल्या. एक, सकाळी शाळा भरायच्या आधीच्या अर्ध्या तासात पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांचा सगळ्यात जास्त खप, कारण ही लेकरं घरून नुसत्या चहावर निघालेली असतात. दोन, तंबाखूची पुडी न्यायला येणारी निम्मी लेकरं स्वतःसाठी नेतच नव्हती, त्यांना आजोबा, काका, बाप पाठवत होते. तीन, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात पोरांना काहीच काम नसतं आणि पोरींना सगळी कामं तेव्हाच असतात.

तुमच्या गावचं उत्तर वेगळं निघेल. ते निघाल्याशिवाय कार्यक्रम ठरवू नका.

जे आधीच पळतायत त्यांना पकडा

आमच्याकडं पहाटे पाचला फाट्याच्या रस्त्यावर भरतीची पोरं पळतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. ह्या पोरांना कुणी आरोग्याचं महत्त्व सांगायला गेलं तर ती हसतील, पण गावातली बारा-तेरा वर्षांची लेकरं ह्यांच्याकडं देवासारखं बघतात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचं, रौप्य घेऊन आला, तेव्हापासून तर आमच्या जिल्ह्यात पळणाऱ्याला कुणी रिकामटेकडा म्हणत नाही. म्हणून आम्ही भरतीच्या चार पोरांना एवढंच विचारलं, "तुम्ही पळताच आहात, तर सोबत दहा लेकरं घ्याल का?"

घेतली. फक्त रस्ता सोडायला लावला. हंगामात पहाटे उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. शाळेच्या मैदानावर फक्की मारून दोनशे मीटरचं गोल आखलं, आठ फेऱ्या म्हणजे १६००. लहान लेकरांना आठ फेऱ्या पळवू नका. त्यांना लंगडी, कबड्डी, दोरीवरच्या उड्या, खो-खो, काहीही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वयाच्या लेकरांनी दिवसाला सरासरी तासभर तरी दम लागेल असं हालावं. शेतात राबणाऱ्या लेकराचा तास शेतातच भरतो, त्याला उगीच जास्तीचं पळवू नये. त्याला खेळ द्या, म्हणजे हसायला मिळेल.

एक सावधगिरी. संघ गल्लीप्रमाणं, वस्तीप्रमाणं, तांड्याप्रमाणं पाडू नका. आम्ही पहिल्याच महिन्यात गाव विरुद्ध तांडा असा कबड्डीचा सामना लावला आणि मैदानावरचं भांडण चावडीपर्यंत गेलं. आता चिठ्ठ्या टाकून संघ पडतात, दर आठवड्याला नवे.

पोरींचा प्रश्न वेगळा धरा

पहिले तीन महिने मैदानावर एकही मुलगी नव्हती आणि आम्ही म्हणत होतो, "दार तर सगळ्यांना उघडं आहे." असं म्हणून भागत नाही. मंडळींनी घरोघर विचारलं तेव्हा कळलं, की अडचण तीन ठिकाणी आहे. वेळ, बघणारे डोळे आणि मुतारी.

वेळ अशी निघाली: मानव विकास योजनेची, शाळेच्या मुलींसाठीची निळी बस पोरींना सव्वापाचला फाट्यावर सोडते. घरी पोचून पाणी, भांडी, झाडलोट सुरू व्हायच्या आत मधला जो वेळ आहे, तोच पकडायचा. बसमधून उतरून थेट मैदान, अर्धा तास, मग घर. दप्तर मैदानाच्या कडेला. घरच्यांनी आधी कुरकुर केली, पण पोरगी सहाच्या ठोक्याला घरात दिसायला लागल्यावर गप्प झाले. वेळ एक मिनिटही चुकवायची नाही, ही अट आमची आम्हालाच घातलेली.

बघणाऱ्या डोळ्यांचा बंदोबस्त एका म्हातारीनं केला. मैदानाच्या तोंडाशी जिजींची खाट टाकली. त्या वेळात मोटारसायकल घेऊन घिरट्या घालणाऱ्याला जिजी त्याच्या आज्याच्या नावानं हाक मारतात. त्यानंतर तो परत येत नाही.

मुतारीसाठी शाळेची किल्ली लागली. मुख्याध्यापकांना अर्ज, ग्रामपंचायतीचं पत्र, दोन चकरा. कंटाळवाणं काम, पण ह्याच्याशिवाय वयात आलेली मुलगी टिकणार नाही.

खेळ कोणता? खो-खो. दोन खांब आणि २७ बाय १६ मीटर जागा, बाकी खर्च शून्य. आणि आपल्याकडं दाखवायला माणूस आहे: धाराशिवची सारिका काळे, भारतीय संघाची कर्णधार राहिलेली, २०२० चा अर्जुन पुरस्कार. पोरींना तिचा फोटो दाखवला तेव्हा एकीनं विचारलं, "ही आपल्यासारखीच बोलती का?" बोलती म्हणलं.

दमणाऱ्या पोरींकडं मात्र नीट बघा. दोन चकरांत धाप लागणारी, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या दिसणारी मुलगी आळशी नसते, तिच्या अंगात रक्त कमी असतं. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारा वर्षांपुढच्या मुलीचं १२ च्या खाली असेल तर ते कमीच. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मिळते, दहा ते एकोणीस वयासाठी. शाळा सुटलेल्या मुलींनाही ती अंगणवाडीतून मिळते, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. गोळीबद्दल गावात भीती आहे, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणं हे गोळीमुळंच, त्यात घाबरायचं नाही. जेवून घ्यायची, वर लिंबू पिळलेलं पाणी चालेल, चहा मात्र तासभर नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. वर्षातून दोनदा जंताची गोळी, तीही चुकवू नये. हे सगळं बाईनं बाईला सांगायचं. मी तिथं नसतो.

पाळी लावायची, सप्ताहासारखी

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. मारुतीच्या भिंतीवर पहाऱ्याचा तक्ता लागतो, कुणाचा पहारा किती ते किती. रात्री दोनला ज्याची पाळी, तो डोळे चोळत का होईना येतो, कारण आधीचा माणूस वीणा गळ्यात घेऊन त्याची वाट बघत उभा असतो. इतर वेळी ग्रामसभेला न येणारी माणसं पहारा चुकवत नाहीत.

आम्ही तोच तक्ता उचलला. वीणेच्या जागी शिट्टी. शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्यानं त्या दिवशी मैदान उघडायचं, पाण्याचा जार भरायचा, हजेरी मांडायची आणि शेवटी शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच घरी जायचं. दोघांची जोडी, एक मोठं पोरगं आणि एक चौदाच्या आसपासचं. एखादं लेकरू तीन दिवस दिसलं नाही की जोडीदारानं त्याच्या घरी जायचं. रागवायला नाही, "काय झालं रं?" एवढं विचारायला. अशा चौकशीतून आम्हाला दोन पोरांची शाळा सुटल्याचं आणि एका मुलीचं लग्न ठरत असल्याचं कळलं. मुलगी सोळाची. लेकरांच्या मदतीच्या १०९८ ह्या नंबरला फोन कुणी केला ते गावाला आजही माहीत नाही, आणि कळूही नये.

मोठ्या माणसानं शिट्टी हातात घ्यायची नाही. मी दोनदा घेतली, दोन्ही वेळा हजेरी पडली.

ओट्यावरचा माल

खाण्याबद्दल प्रोटीन, कॅलरी असलं बोलू नका, झोप येते. भूक आणि पाच रुपये ह्याबद्दल बोला. पाकिटाला टक्कर द्यायची तर वस्तू पाच रुपयांतच बसली पाहिजे, कागदाच्या पुडीत पाहिजे आणि चटकन हातात आली पाहिजे. मी फुटाणे, भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा अशी पुडी बांधायला लागलो. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की समोरच्या बरणीत. पाकिटं बंद केली नाहीत, फक्त मागच्या फळीवर नेली, मागितल्याशिवाय दिसत नाहीत. खरं सांगायचं तर पाकिटात नफा जास्त आणि मेहनत शून्य. फुटाण्याची पुडी बांधत बसावं लागतं. पण दुकानात आता 'पुडी' ह्या शब्दाचा अर्थ बदलला, ह्याचं मला बरं वाटतं.

एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या मात्र साफ बंद केल्या. भरतीची पोरं पळायच्या आधी त्या पित होती. बाटलीवर बारीक अक्षरात कॅफिन लिहिलेलं असतं आणि लहान मुलांना देऊ नये हेही. दुकानदाराला म्हणा, भिंग घेऊन वाच.

घरच्या जेवणात भाकरी परत आणायची तर आधी ती थापता यायला हवी. रेशनला गहू-तांदूळ येतो, त्यामुळं नव्या पोरांचा ज्वारीशी संबंध हुरड्यापुरता राहिलाय. आम्ही श्रावणात एक स्पर्धा ठेवली, भाकरी थापायची, फक्त मुलांसाठी. परीक्षक गावातल्या आज्या. पोळपाटावर नकाशे उमटले, गाव लोटलं. त्याच दिवशी आज्यांनी बांधावरून तांदुळजा, पाथरी, चिवळ, अंबाडी आणायला लेकरांना पाठवलं आणि ओळखायला शिकवलं. शेतकऱ्यांसाठी एक सांगतो: परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण २०१८ मध्ये आलं, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. बी मिळालं तर घरच्या खाण्यापुरतं करून बघा.

तंबाखू: आधी मोठ्यांचा हात धरा

शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि अठराच्या खालच्याला तर कुठंच विकता येत नाहीत, २००३ चा कायदा आहे. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. बाल न्याय कायद्यात लेकराच्या हातात तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सजा आहे. माझं दुकान साठ पावलांवर, म्हणजे मी कशात बसत होतो ते तुम्हीच बघा. माळा काढल्या. गिऱ्हाईक उठून स्टँडवरच्या टपरीवर गेलं. एकट्या दुकानदारानं सोडलं की नुसता धंदा जागा बदलतो. म्हणून गावातली सगळी दुकानं एका बैठकीत बसवा, आणि १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव लिहून घ्या. ठराव एका ओळीचा ठेवा. आमचा असा आहे: लेकराच्या हातून तंबाखू मागवायचा नाही आणि लेकराच्या हातात द्यायचा नाही.

ह्या एका ओळीनं जे झालं ते कुठल्या शपथेनं झालं नाही. म्हाताऱ्यांना मळायची तल्लफ आली की स्वतः उठून जावं लागतं. अर्धे कंटाळा करतात. (भजनी मंडळातले मृदंगाचे बप्पा अजून बाराव्या अभंगानंतर मळतात. माळ घातल्यावर मटण सुटतं, तंबाखू सुटत नाही, हे माळेचं मला न उलगडलेलं कोडं आहे.)

ज्या पोराला सोडायची आहे त्याला पहिला आठवडा एकटा सोडू नका. चिडचिड, डोकं दुखणं, झोप न लागणं हे ह्याच दिवसांत जोरात असतं. खिशात बडीशेप, लवंग द्या, सुपारी नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत नंबर आहे, आमच्या दोन पोरांनी ओट्यावर बसून लावला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मैदानावर सगळ्यांची तीन बोटांची परीक्षा होते. कमी गेली की प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून पुढं दाताचे डॉक्टर.

झोप आणि मन

मोबाईलवर मी फार बोलत नाही, माझाच सुटत नाही. एक नियम टिकला: रात्री दहानंतर ग्रुपवर कुणी काही टाकायचं नाही. आणि ज्या घरात शेतीची लाईट रात्री येते, तिथलं पोरगं दोनला मोटर चालू करायला जातं. त्याला पहाटे पाचला का आला नाहीस म्हणून विचारू नका. त्याची पाळी संध्याकाळची लावा.

भरतीत दुसऱ्यांदा नापास झालेलं पोरगं गप्प गप्प राहायला लागलं, मित्रांत येईना झालं, तर ते तिसऱ्या प्रयत्नाची तयारी करतंय असं समजू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, सरळ विचारा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ ह्या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं, दिवसरात्र, पैसे लागत नाहीत. हा नंबर आम्ही शिट्टीच्या दोरीला चिकटवलाय.

कधी सुरू करायचं

जूनमध्ये, शाळा उघडली की. आम्ही पहिल्यांदा दिवाळीनंतर केलं आणि मूर्ख ठरलो. दसरा झाला की मुकादम ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाटून मोकळे झालेले असतात, टोळ्या निघतात, निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्याला. मैदान ओस. आता जून ते दसरा हा आमचा मुख्य हंगाम, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सकाळची दौड हा त्याचा कळस. दसऱ्यानंतर मागं राहतात ती आजी-आजोबांकडची आणि हंगामी वसतिगृहातली लेकरं. त्यांच्यासाठी फक्त संध्याकाळचा खेळ चालू ठेवायचा, छोटा पण न मोडता. आई-बापासोबत उसाच्या फडावर गेलेल्या पोरांना एक दोरी आणि एक शिट्टी बरोबर देतो. तिथल्या कोपीसमोर, म्हणजे राहायच्या झोपडीसमोर, ती पोरं काय करतात ते रविवारी फोनवर सांगतात. एकीनं कोल्हापूरकडच्या फडावर नऊ लेकरांची लंगडी लावली होती. पाडव्याच्या आसपास सगळी परत येतात, आणि मग एप्रिल-मेचं ऊन. पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा सकाळी सहा ते सात, बस्स. मीठ-साखर-लिंबाचं पाणी जवळ ठेवा, आणि चक्कर आली की सावली, ओलं फडकं आणि दवाखाना, ह्या क्रमानं.

पैसा? शिट्ट्या, दोऱ्या, फक्की, एक व्हॉलीबॉल, पाण्याचा जार. गणपतीच्या वर्गणीतून डीजेची एक रात्र कमी केली, वर्ष निघालं. मैदानावरच्या दिव्यासाठी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात नाव घालून ठेवा, लागायला वेळ लागतो. फोटो छापलेले टी-शर्ट फुकट देतो म्हणणारे निवडणुकीच्या वर्षी येतातच. आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

त्या दोन बोटांच्या पोराचं विचारत असाल. सुपारी सुटून सव्वातीन वर्षं झाली. अडीच बोटं जातात. डॉक्टर म्हणाले, ह्याच्यापुढं फारसं उघडणार नाही, बंद मात्र होऊ द्यायचं नाही. रोज तोंड उघडायचा व्यायाम सांगितलाय. तो करत करत शनिवारी मैदानावर फक्की मारतो. तोंड आ वासलेलं आणि हात हलतोय, त्यामुळं गोल जरा वाकडं येतं. आमची दोनशे मीटरची फेरी मोजली तर दोनशे सहा भरते. भरतीच्या पोरांनी तक्रार केली, मी म्हणालो, असू द्या.